तिला अजून बसायचं होतं

सगळ्यात आधी एक सांगून टाकते. मी मुलुंडच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. रक्त, लघवी, थुंकी... दिवसभर हेच. स्लाइडवर जे दिसतं ते आहे, जे दिसत नाही ते नाही, इतका साधा माझा हिशोब. अमावास्येला केस धुवू नको म्हणणाऱ्या सासूबाईंशी मी लग्नाच्या पहिल्या वर्षापासून वाद घालत आलेय. भुताखेतांच्या या ग्रुपवरसुद्धा खरं सांगायचं तर मी मजा म्हणून वाचायला यायचे. झाडावरची बाई, हायवेवरची बाई... वाचायचं, हसायचं आणि झोपायचं. त्यामुळे आज मीच इथे लिहायला बसलेय हे माझं मलाच पटत नाहीये. पण कुठेतरी सांगायला हवं. घरी सांगून झालंय, आणि घरच्यांनी त्याला उत्तरंही शोधून ठेवलीयेत.

माझे आई-बाबा घाटकोपरला, असल्फ्याच्या डोंगरावर राहायचे. दोघंही मूळचे मालवणकडचे. लग्न झाल्यावर आई मुंबईत आली ती परळला, कारण बाबा तेव्हा गिरणीत होते. एका खोलीत तीन बिऱ्हाडं. खोलीत नवरा-बायकोला बोलायलासुद्धा जागा नाही, म्हणून सुट्टीच्या दिवशी बाबा तिला घेऊन बाहेर पडायचे. चालत, नाहीतर बसने. फोर्ट, गेटवे, मरीन ड्राइव्ह. मी झाले तेव्हा मलाही कडेवर घेऊन. आई म्हणायची, आमचा सगळा संसार आम्ही रस्त्यावर बोलून ठरवला.

मग संप झाला. गिरणी गेली. बाबा साकीनाक्याला एका गाळ्यात लेथ मशीनवर लागले आणि आम्ही असल्फ्याला आलो. तिथून पुढे ते सगळं संपलंच. लोकांना वाटतं घाटकोपर म्हणजे मुंबईच ना. पण आई कधी तसं म्हणाली नाही. तिच्यासाठी मुंबई म्हणजे ती — दगडी इमारती आणि समुद्र. आम्ही राहतो ते घाटकोपर. "एकदा मुंबईक जावया हां," हे ती कोणी गावाला जाऊया म्हणावं तसं म्हणायची. पण शाळा, बाळंतपणं, आजारपणं, पाणी भरायच्या वेळा... राहून जातं ते राहून जातंच. मग गुडघे गेले. डोंगर उतरून खाली रिक्षापर्यंत यायचं म्हणजे तिला वाटेत दोनदा बसावं लागायचं.

गेल्या वर्षी टीव्हीवर तिने कोस्टल रोड बघितला आणि परत सुरू झाली. "दर्यातसून रस्तो केल्यानी म्हणतत. माका बघूचो आसा." मी म्हटलं, चल, जाऊया. शनिवार ठरवला, सुट्टी टाकली, गाडीने जायचं-यायचं ठरलं. आईने साडी काढून ठेवली. बाबांची दाढी कधी करायची तेसुद्धा तिनेच ठरवलं.

त्याच्या आठवडाभर आधी, दुपारी भांडी घासून उठली आणि बसली. बसली ती बसलीच. हार्ट अटॅक. आम्ही हॉस्पिटलपर्यंत पोचलोसुद्धा नाही.

त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

दिवसकार्य झालं, माणसं गेली. बाबा बोलायचेच बंद झाले होते. मी त्यांना मुलुंडला घेऊन आले तर बाल्कनीत खुर्ची टाकून बसून राहायचे. मग एक दिवस जेवताना एकदम म्हणाले, "सुजा, ता मुंबईक जावचा ठरलला ना? मगे जावया."

मी म्हटलं, "बाबा, आता?"

"ठरलला आसा तर जावया," म्हणाले. बस. पुढे काही नाही.

माझा नवरा म्हणाला, ने त्यांना, बरं वाटेल. म्हणून आम्ही दोघंच निघालो. जानेवारीतला शनिवार होता. सकाळी ॲपवरून गाडी मागवली. बाबा पुढे ड्रायव्हरशेजारी बसले, त्यांना पाय लांब करायला बरं पडतं. मागच्या सीटवर मी एकटी.

फ्रीवेवर गाडी लागली तेव्हा ड्रायव्हरने आरशात बघितलं आणि विचारलं, "एसी कमी करू का? आजींना थंडी वाजतेय वाटतं."

मला राग आला, खरं सांगते. मी शेहेचाळीस वर्षांची आहे. आई गेल्यापासून केस रंगवले नव्हते, ते मान्य. पण आजी? मी जरा तुसडेपणानेच म्हटलं, "काही नको, ठीक आहे." तरीही त्याने एसी कमी केला. उतरेपर्यंत मी मनातल्या मनात धुसफुसत होते. घरी गेल्यावर आधी मेंदी लावायची, असं ठरवूनही टाकलं. तेव्हा डोक्यात इतकंच आलं.

आधी गेटवेला गेलो. तिथे आत सोडायच्या आधी तपासणी असते, बायकांची रांग वेगळी. बाबा त्यांच्या रांगेतून गेले. माझ्या पुढे एक म्हाताऱ्या गुजराती बाई होत्या, मग त्यांच्या सुना, मग मी. माझा नंबर आला तेव्हा तिथल्या लेडी कॉन्स्टेबलने माझी पर्स उघडून बघितली आणि मान वर न करता म्हणाली, "जा. तुमच्या आईंना मी आधीच सोडलंय पुढे. उभं राहवत नव्हतं त्यांना. एवढे गुडघे दुखतायत तर काठी द्या ना त्यांच्या हातात."

तिला वाटलं असेल, ती पुढची गुजराती म्हातारी माझी आई. असंच समजले. पण 'आई' आणि 'गुडघे' हे दोन शब्द ऐकल्यावर पर्सची चेन लावायचीसुद्धा राहून गेली. बाबा समोर उभे राहून माझी वाट बघत होते. त्यांना मी हे सांगितलं नाही. कशाला सांगायचं?

गेटवेला बाबा फार थांबले नाहीत. ताजकडे बघितलं, समुद्राकडे बघितलं, म्हणाले, "हय फोटो काढललो." लग्नानंतरचा तो फोटो आमच्या घरी आहे. तेवढंच बोलले. मग आम्ही रमतगमत चालत निघालो. बाबा पंचाहत्तरीचे आहेत पण चालायला घट्ट. मध्येच थांबून वर बघायचे. दगडी इमारतींच्या मागून एक नवीन काचेचा टॉवर डोकं काढून उभा होता, त्याच्याकडे बघून म्हणाले, "ह्यो खंयसून इलो?" मला हसू आलं. किती दिवसांनी ते असं काही बोलले होते.

आणि एक गोष्ट मला तेव्हाच जाणवली होती, अर्थ मात्र कळला नव्हता. आम्ही फार हळू चालत होतो. बाबा एरवी माझ्या पुढे असतात. त्या दिवशी सारखे मागे रेंगाळत होते. मला वाटलं, दमले असतील.

टाउन हॉलपाशी आलो. तिथल्या त्या भल्या मोठ्या पांढऱ्या पायऱ्या तुम्ही बघितल्या असतील, वर खांबांची रांग. शनिवार असल्यामुळे कॉलेजची मुलं पायऱ्यांवर, समोरच्या फुटपाथवर बसून चित्रं काढत होती. आम्ही मधल्या एका पायरीवर बसलो. मी, माझ्या उजव्या हाताला बाबा. बाबा सांगत होते, आई इथे आली की नेहमी वरपर्यंत चढून जायची आणि खांबाला पाठ टेकून उभी राहायची. दगड गार असतो म्हणून.

समोरून एक मुलगी उठून आमच्याकडे आली. जीन्स, खांद्याला झोळी, हातात पेन्सिल. "काका, सॉरी हां, एक रिक्वेस्ट होती," ती बाबांना म्हणाली. "आजींना अजून थोडा वेळ तसंच बसायला सांगाल का? प्लीज. मी खांब काढतेय, मग माणसं घेणार आहे. त्या एवढ्या मस्त बसल्यात ना."

बाबा माझ्याकडे बघायला लागले. मी तिला विचारलं, "कुठल्या आजी?"

"या काय, काकांच्या पली..." म्हणत तिने बाबांच्या उजवीकडे हात केला, आणि थांबली. तिथे कोणी नव्हतं. पायरी रिकामी होती. "अरे. आत्ता तर होत्या. वर गेल्या का?" तिने वर बघितलं, मग खाली रस्त्याकडे. "तुमच्यासोबतच आहेत ना त्या?"

मला वाटतं मी जरा मोठ्यानेच विचारलं असेल, कारण बाजूची मुलं बघायला लागली. "कशा होत्या? काय नेसल्या होत्या?"

ती गोंधळली. "साडी... रंग नाही आठवत हो. साधी होती. पण त्यांनी ना, चपला काढून मांडीवर घेतल्या होत्या. दोन्ही. अशा हातात धरून. म्हणून तर मला काढायच्या होत्या त्या. इतकं गोड वाटत होतं ते."

आता हे समजायला माझी आई माहीत असायला हवी. फार वर्षांपूर्वी कुठल्याशा देवळाबाहेर तिच्या नव्या चपला चोरीला गेल्या होत्या आणि ती भर उन्हात अनवाणी घरी आली होती. तेव्हापासून ती कुठेही बसली — देऊळ, लग्नाचा हॉल, दवाखाना — की चपला काढायची आणि मांडीवर घेऊन बसायची. साडीला माती लागो नाहीतर काही होवो. मी किती वेळा ओरडलेय तिला. माझ्या मुलाच्या मुंजीत फोटोग्राफरने शेवटी हात जोडले तिच्यापुढे.

मी त्या मुलीला म्हटलं, "तुझं चित्र दाखव." तिने दाखवलं. त्यात फक्त खांब होते आणि पायऱ्यांच्या रेषा. माणसांपर्यंत ती अजून पोचलीच नव्हती.

"काही झालं का? त्यांना बरं नाहीये का?" ती विचारत होती. काय सांगणार तिला. मी म्हटलं, "नाही गं, तुझा काहीतरी गैरसमज झाला, आम्ही दोघंच आहोत." ती सॉरी म्हणाली आणि गेली. जाताना दोनदा मागे वळून बघितलं तिने. माझ्याकडे नाही, त्या पायरीकडे.

बाबांनी उजवा हात हळूच बाजूच्या दगडावर ठेवला आणि तसाच ठेवून बसले. मी सकाळचा एसी आठवला. कॉन्स्टेबल आठवली. एकेक आठवत गेलं. मग मी बाबांना दोन्ही गोष्टी सांगितल्या. सांगायला हव्या होत्या की नव्हत्या, मला अजून माहीत नाही. त्यांनी शांतपणे ऐकलं. फक्त विचारलं, "काठी द्या म्हणाली?"

"हो."

"काठी तिका कधी आवडली नाय," म्हणाले.

जेवायला आम्ही फोर्टमधल्या एका जुन्या हॉटेलात गेलो. भूक दोघांनाही नव्हती. थोडंफार खाल्लं. नंतर वेटरने विचारलं, "दोन चहा?" बाबा म्हणाले, "तीन." वेटरने काही विचारलं नाही. तीन कप आणले आणि तिसरा रिकाम्या खुर्चीपुढे ठेवला. आता तो वेटर तसाही ठेवेलच ना, कोणी येणार असेल म्हणून. त्याला मी काही अर्थ देत नाही. पण बाबा त्या कपाकडे बघत बसले. चहावर साय धरली. आसपासची टेबलं भरली, रिकामी झाली. शेवटी त्यांनी तो गार चहा उचलला आणि पिऊन टाकला. आईला टाकलेलं चालायचं नाही.

नंतर ओव्हलवरून चालत गेलो. एका बाजूला हायकोर्ट, टॉवरचं घड्याळ, आणि समोरच्या बाजूला त्या गोल गोल बाल्कन्यांच्या इमारती. बाबा म्हणाले, आई या बाजूच्यांना देवळं म्हणायची आणि त्या बाजूच्यांना बोटी. "बोटीत ऱ्हवाक गावला तर बरा, असा म्हणायची." मैदानात क्रिकेट चालू होतं. बाबा पूर्ण दुपार एका बाजूने चालत होते, म्हणजे माझ्यापासून एक माणूस मावेल एवढं अंतर ठेवून. मीही ते अंतर मोडलं नाही. पटत नव्हतं, तरी मोडलं नाही.

मरीन ड्राइव्हला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. ओहोटी होती, लाटा अडवायला टाकलेले खालचे ते चार पायांचे काँक्रीटचे दगड उघडे पडले होते. आम्ही समुद्राकडे तोंड करून कट्ट्यावर बसलो. कट्टा भरलेला होता — कॉलेजातली जोडपी, दाणेवाले, एक मोठं कुटुंब. बाबांनी मध्ये जागा सोडली. मला आईची आठवण येत होती, पण भीती अजिबात वाटत नव्हती, हे इथे मुद्दाम लिहिते. तुम्ही लोक नेहमी लिहिता ना, थंड वारा आला, वास आला, कुत्री भुंकली. तसलं काही नव्हतं. समुद्र होता, लोक होते आणि मध्ये एक रिकामी जागा होती. मी त्या जागेकडे बघून मनात म्हटलं, आई, असशील तर दिस ना. मला काही दिसलं नाही.

सूर्य गेला तसं मी बाबांना म्हटलं, निघूया. कोस्टल रोडने जाऊ, अजून थोडा उजेड आहे. ते उठले. रस्त्याच्या कडेला मी हात केला, एक काळी-पिवळी टॅक्सी थांबली. ड्रायव्हर वयस्कर होता, उत्तर प्रदेशकडचा वाटला. आम्ही मागे बसलो, मी दरवाजा ओढून घेतला. पण तो गाडी सुरू करेना.

"माताजी को भी बिठा लो ना साब," तो म्हणाला. "इधर ज्यादा देर रुकने नहीं देते."

बाबांनी विचारलं, "कौन माताजी?"

"आपके साथ जो बैठी थीं. वो क्या, अभी भी बैठी हैं." त्याने हनुवटीने कट्ट्याकडे दाखवलं. आम्ही आत्ता उठलो ती जागा. "उधर मुँह करके."

बाबांनी दरवाजा उघडला आणि उतरले. मी त्यांना थांबवलं नाही, गाडीतच बसून राहिले. ते फुटपाथ ओलांडून कट्ट्यापाशी गेले. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. एका मुलीच्या खांद्यावरून वाकून पलीकडे बघितलं, ती मुलगी दचकली. मग दोन पावलं मागे आले. बाजार भरलेला असावा आणि हात सुटावा, तसे ते इकडेतिकडे बघत होते.

मी ड्रायव्हरला विचारलं, "अभी है?"

त्याने आरशातून माझ्याकडे विचित्र नजरेने बघितलं. मी चेष्टा करतेय असं त्याला वाटलं असणार. "हाँ, है ना. साब के बगल में ही तो हैं."

मी काचेतून बघत होते. बाबा एकटे उभे होते. त्यांच्या बाजूला दगड, आणि पुढे समुद्र.

मी खिडकीतून ओरडून सांगितलं, "बाबा, तो म्हणतोय तुमच्या बाजूलाच आहे."

ते थांबले. मान खाली घालून त्यांनी त्या जागेकडे बघितलं. हात पुढे केला आणि मध्येच मागे घेतला. मग तिथे बसले, रस्त्याकडे पाठ करून, मघासारखेच. काहीतरी बोलत होते, कारण त्यांची मान हलत होती. काय बोलत होते ते मला ऐकू आलं नाही, आणि मी त्यांना कधी विचारलंही नाही. मागून गाड्या हॉर्न मारत होत्या. ड्रायव्हर म्हणाला, "मॅडम, बुलाओ ना उनको." मी त्याला हातानेच थांबायची खूण केली.

थोड्या वेळाने बाबा आपणहून उठले. शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं आणि गाडीत येऊन बसले. ड्रायव्हरने विचारलं, "माताजी?"

बाबा म्हणाले, "बैठने दो. उसको अभी बैठना है."

ड्रायव्हरने एकदा कट्ट्याकडे बघितलं, एकदा बाबांकडे, आणि गाडी काढली. मी मागच्या काचेतून बघत राहिले. पाठीच पाठी होत्या सगळ्या, शेकडो माणसांच्या. त्यातली एक माझ्या आईची होती म्हणे.

थोड्याच वेळात गाडी बोगद्यात शिरली. पिवळे दिवे एकामागून एक बाबांच्या तोंडावरून जात होते. तेव्हा त्यांनी मला विचारलं, "सुजा... तुका दिसली?"

"नाही बाबा."

"माकाय नाय." मग म्हणाले, "त्या पोलिसणीक दिसली. त्या पायऱ्यांवरल्या चेडवाक दिसली. ह्या गाडयेवाल्याक दिसली. मगे माका कित्याक नाय दिसली गो? माझा काय चुकला?"

त्यांच्या आवाजात चिडणं नव्हतं. लहान मूल विचारतं तसं विचारलं त्यांनी. मी त्यांचा हात धरला. बोगदा संपला आणि एकदम दोन्ही बाजूंना आभाळ आणि पाणी आलं. तिला बघायचा होता तो रस्ता. बाबांनी डोळे मिटून घेतले होते. वरळी येईपर्यंत त्यांनी ते उघडले नाहीत.

घरी आल्यावर मी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो इंजिनियर आहे, चांगला माणूस आहे, त्याने नीट ऐकून घेतलं. मग एकेक करून समजावलं. एसीवाला तुलाच आजी म्हणाला. कॉन्स्टेबलला ती गुजराती बाई तुझी आई वाटली. शनिवारी संध्याकाळी मरीन ड्राइव्हला म्हाताऱ्या बायका काय कमी असतात? कोणीतरी बाजूला बसली असेल, टॅक्सीवाल्याला वाटलं तुमच्यातलीच. पटण्यासारखं आहे, मलाही पटतं. मी त्याच्या जागी असते तर हेच बोलले असते. मग मी विचारलं, "आणि चपला?" तो म्हणाला, "खूप बायका करत असतील तसं." असतील. मी तरी अजून दुसरी बघितलेली नाही. आता सगळीकडे बघते — देवळात, हॉस्पिटलच्या बाकांवर, लॅबच्या वेटिंग रूममध्ये.

त्यानंतर बाबा मला ते सगळं पुन्हा पुन्हा सांगायला लावायचे. पायऱ्यांवरच्या मुलीचं जास्त. ती नेमकं काय म्हणाली? कुठल्या बाजूला हात केला? एक दिवस त्यांनी विचारलं, "हसत होती काय गो ती? की तोंड उतरलला होता?" मी ते त्या मुलीला विचारलंच नव्हतं. साडी विचारली, पण चेहरा विचारायचं सुचलं नाही. मी बाबांना म्हटलं, हसत होती. हे खोटं आहे हे त्यांना कळलं असावं, कारण त्यांनी पुन्हा तो प्रश्न विचारला नाही.

आता महिन्या-दोन महिन्यांतून मी त्यांना मरीन ड्राइव्हला घेऊन जाते. टाउन हॉललाही एकदा जाऊन आलो. त्या दिवशीसारखं परत काही घडलेलं नाही. एकदाही नाही. कोणी एसी कमी केला नाही, कोणी मागे वळून बघितलं नाही. जे झालं ते काय होतं, मला माहीत नाही. ती आली असेल तर आम्हालाच का दिसली नाही, आणि ती नव्हती तर त्या अनोळखी माणसांना कोण दिसलं, यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही. तुमच्यापैकी कोणाकडे असेल तर जरूर लिहा. फक्त बाबांना बरं वाटेल म्हणून काहीतरी बनवून लिहू नका, एवढी विनंती. ते मी करून बघितलंय.

कट्ट्यावर पोचलो की बाबा आधी बसत नाहीत. तिथे बसलेल्या कुणातरी पोराजवळ जातात, शेजारच्या मोकळ्या जागेकडे बोट दाखवतात आणि अगदी अदबीने विचारतात, "इथे कोणी बसलंय का हो?"

पोरं चांगली असतात. कानातले इअरफोन काढतात, जागेकडे बघतात, थोडी सरकतातसुद्धा. "नाही काका, कोणी नाही. बसा ना."

बाबा "बरं" म्हणतात, आणि ती जागा सोडून पलीकडे बसतात.